कानमा आवाज येतस

लग्नकार्यात कोणी विचारलं, “तुम्ही काय करता?” की सुरुवातीला मी मोठ्या ऐटीत “ऑडिओलॉजिस्ट” असं सांगायचे. समोरचा विचारायचा, “म्हणजे रेडिओवर का?” दोन-चार लग्नं झाल्यावर मला शहाणपण आलं आणि मी “कान तपासते” एवढंच सांगू लागले. तर बायका तिथंच, पंगतीत, पदर बाजूला सारून कान पुढे करू लागल्या. शेवटी जळगाव-धुळ्यात ‘कानवाल्या मॅडम’ हेच माझं नाव पडलं. मला ते आवडलंही, कारण त्यात स्पेलिंगची भानगड नव्हती.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. कानाचे डॉक्टर वेगळे आणि मी वेगळी. डॉक्टर कानात बघतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. मी ऐकणं मोजते. कापूस-गादीसारखी भिंत असलेल्या एका खोक्याएवढ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून यंत्रावर बारीक-मोठे, जाड-पातळ सूर सोडायचे आणि सांगायचं, “आवाज आला की बोट वर करा.” ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या लोकांना परीक्षेत नापास होण्याची इतकी धास्ती, की मी सूर सोडायच्या आधीच बोट वर! काही जण तर काचेतून माझ्या हाताकडे बघून बोट वर करायचे. मग मी यंत्राला कापडाचा पडदा केला. जळगावची माझी खोली रिक्षा स्टॉपच्या डोक्यावर होती, तेव्हा दुपारी चालक मंडळी जेवायला गेली की खरी कामं करून घ्यायची. आठवड्यातून दोन दिवस धुळ्याला जायचे. तिथं खोली बरी होती, पण वीज रुसकी.

ऐकू येत नाही म्हणून येणारी माणसं मला कधी अवघड गेली नाहीत. अवघड ती, ज्यांना नसलेलं ऐकू येतं. कान वाजतो, गुणगुणतो, शिट्टी मारतो. बाहेर काहीच नाही आणि आत अखंड चालू. पुस्तकात याला टिनिटस म्हणतात. आमच्याकडे कोणी आठवण काढतंय, कोणी नावं ठेवतंय, कानात किडा शिरलाय, अशी कारणं आधी संपवायची आणि मग माझ्याकडे यायचं, असा रिवाज होता.

मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारायचे, “कशासारखा वाजतो?” त्याचं उत्तर मिळालं की माणसाचा धंदा न विचारता कळायचा. डाळ मिलमधला माणूस सांगायचा, चाळणी हलतेय. ठिबकवाला सांगायचा, नळीला भोक पडून पाणी फिसफिसतंय. जळगावच्या एका सराफांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, “मॅडम, आवाज चोख नाहीये. भेसळ आहे.” त्यांच्या दोन कानांत दोन वेगळे सूर होते, आणि खरंच, जुळवून बघितलं तर त्यांचा अंदाज तंतोतंत निघाला. एवढा पारखी पेशंट मला पुन्हा मिळाला नाही.

रावेरकडचे एक केळीवाले भाऊ यायचे. त्यांच्या कानात विहिरीवरची मोटर चालायची. शेतीची वीज कधी येईल नि कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मोटरकडे कान ठेवून बसायची त्यांना आयुष्यभराची सवय. आता वीज नसली तरी मोटर चालूच. ते जेवता जेवता उठायचे, बागेतून विहिरीपर्यंत जायचे, मोटरवर हात ठेवायचे. मोटर गार. परत येऊन पानावर बसायचे तर पुन्हा घूंऽऽ. “मले मालूम हाये मोटर बंद हाये,” ते मला म्हणाले, “पण पाय आयकतच नाही.” घरचे हसायचे, तेही हसायचे. त्यांना मी मोटरची मात्रा मोटरलाच दिली. म्हटलं, “भाऊ, दुपारचं ठिबकच्या फिल्टरजवळ खाट टाका. खरं पाणी वाजत असलं की खोट्या मोटरकडे लक्ष जाणार नाही.” त्यांनी खाट टाकली, वर मंडपही घातला. पुढं बागेतले सगळे सौदे तिथंच होऊ लागले.

आणि एक आजोबा असे आले, की त्यांच्या वाजणाऱ्या कानात तेल, तेलात लसणाची पाकळी, आणि ती पाकळी आतच विसरलेली. मी कानात दिवा टाकला आणि म्हटलं, “आजोबा, इथं माझं काम नाही. फोडणी झालीय, डॉक्टरांना उतरवू द्या.” डॉक्टरांनी पाकळी काढली, मळ काढला, आवाज थांबला. सगळ्यांचं इतक्यात भागत नाही, पण तेल मात्र कृपा करून कढईतच ठेवा.

मग हा आवाज येतो कुठून? कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांहून बारीक तंतू असतात. ते सूर टिपून मेंदूकडे धाडतात. वय, थ्रेशर, कारखाना, बँड-डीजे, काही औषधं यांनी त्यातले काही तंतू मरतात आणि ते पुन्हा उगवत नाहीत. मेंदूला मात्र ते कळत नाही. मूल बाहेरगावाहून यायचं असलं की आई दाराकडे कान लावून बसते आणि वाऱ्यानं कडी हलली तरी “आला का रे?” म्हणून उठते ना, तसं मेंदूचं होतं. न येणाऱ्या सुरांची वाट बघत तो स्वतःचाच कान इतका ताणतो, की आतली खुसफुसही त्याला मोठी वाटू लागते. म्हणजे वाजणं खरं असतं, ते ढोंग नाही आणि वेडही नाही. ते बाहेर वाजत नाही, एवढंच.

याला गोळी आहे का, असं सगळे विचारतात. बहुतेक वेळा नाही. पण “इलाज नाही, सवय करून घ्या” असं सांगून माणसाला दाराबाहेर काढणं हा मी गुन्हा समजते, आणि अजूनही तेच सर्रास चालतं याचं मला फार वाईट वाटतं. सवय होते, पण ती लावावी लागते. ऐकू कमी येत असेल तर कानाला यंत्र लावायचं, म्हणजे मेंदूला वाट बघावी लागत नाही. अगदी शांत खोलीत बसायचं नाही, पंखा नाहीतर रेडिओ बारीक चालू ठेवायचा. आणि भीती काढायची, कारण घाबरलेल्या माणसाचा आवाज दुप्पट होतो. एक मात्र बजावते: एकाच कानात वाजत असेल, नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल, किंवा अचानक ऐकू यायचं बंद झालं असेल, तर माझ्यासारखीकडे नंतर जा, आधी त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा.

हे सगळं मी छातीठोक सांगते, कारण यातलं बरंचसं मी माणसांसमोर करून बघितलंय. त्यातलं एक तर आमच्या शास्त्रात लिहिलेलंही नाही. ते रत्नामुळे घडलं.

रत्ना साक्रीकडच्या एका खेड्यातली सून, तिशी न गाठलेली. नवरा सुरतेला कामाला. धुळ्याच्या माझ्या खोलीत ती सासू-सासऱ्यांबरोबर आली ती कानाच्या डॉक्टरांनी पाठवली म्हणून. हाक मारली की ती उशिरा ओ द्यायची, म्हणून त्यांनी ऐकणं मोजून आणायला सांगितलं होतं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूला अक्का, रत्ना तेवढी सासूला आत्या म्हणायची. आबा खुर्चीत बसायच्या आधीच मोठ्यानं बोलू लागले.

“मॅडम, हाई मन्ही सून. इले आवाज येतस.”

“कसले आवाज?”

“ते तिलेच माहीत. तुमी निस्तं इतलंच सांगा, कान चांगला शेतस का खराब. चांगला व्हतीन ते आम्ही इले आठेथून सरळ नरडाणाले, भाऊना घर पोचाडी देतस. कान चांगला ते डोकं खराब, सोपा हिशोब शे. मंग आम्ही मोकया.”

नरडाणा हे तिचं माहेर. म्हणजे माझ्या यंत्रावर त्या पोरीचा संसार टांगला होता. अक्का खाली बघत होत्या आणि रत्ना भिंतीकडे.

झालं होतं असं. तिला टीबी झाला होता, बरा होऊन उलटला, म्हणून बरेच महिने सुया घ्याव्या लागल्या. सुयांनी जीव वाचवला, पण कान वाजू लागले. तिनं घरात सांगितलं, “माले कानमा आवाज येतस.” आता गंमत बघा. आपल्या मराठीत काय आणि अहिराणीत काय, भांडं पडलं तरी आवाज आणि माणूस बोलला तरी आवाज! घरच्यांनी विचारलं, “कोनना आवाज? काय म्हनतस?” ती बिचारी खरं बोलली, “समजत नही.” झालं. आवाज येतात, काहीतरी म्हणतात आणि हिला समजत नाही. आधी भगताकडे नेलं, त्यानं कोंबडा मागितला. मग एका घाईतल्या डॉक्टरांकडे नेलं. सासऱ्यांनी “आवाज ऐकू येतात” एवढं सांगितलं आणि त्यांनी डोक्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या, पण तेव्हा त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. तव्यावर भाकरी जळाली आणि गावात बोभाटा झाला, की अमक्याची सून याडी झाली.

मी आबांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत, दारात उभे राहिले. मी रत्नाला माझा नेहमीचाच प्रश्न जरा वेगळा करून विचारला, “बाई, तुझा आवाज माणसाचा का वस्तूचा?”

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. म्हणाली, “चुल्हामा वल्लं लाकूड ठेवं की ते कसं सूऽऽ करस, तसं. पन हाई ईझत नही.”

“हे कोणाला सांगितलंस?”

“आजलोंग कोनी ईचारंच नही.”

तिला मी आतल्या खोलीत बसवलं. जाडे सूर तिला चांगले ऐकू आले. बोलणं कळण्यापुरते मधले सूरही बरे होते. पण वरचे पातळ सूर सोडू लागले, तशी कागदावरची रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेली. सुयांमुळे होतं ते हेच, आमच्या धंद्यात हे ओळखायला दुसरी साक्ष लागत नाही. मी आबांना कागद दाखवला, सगळं समजावलं. म्हटलं, “कान खराब आहे, डोकं चांगलं आहे. आवाज कानाचा आहे.”

आबांनी कागद उलटा धरून बघितला. “कागदवर काय बी लिखता येस, मॅडम. कान खराब शे ते कमी ऐकाले येवाले पायजे. जास्तीनं कसं येस? आम्ही एकच घरमा ऱ्हातस. जे माले ऐकाले येत नही, ते इले कसं येस?”

मला राग आला होता, लपवत नाही. पण राग येऊन उपयोग नव्हता, कारण त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता. आणि घरात शब्द त्यांचा चालणार होता.

कान वाजणाऱ्याचा सूर जुळवायची आमची एक पद्धत आहे. यंत्रावर एकेक सूर लावायचा आणि विचारायचं, “तुझा याहून पातळ का जाड? मोठा का बारीक?” असं करत करत आपण त्याच्या सुरावर येऊन थांबतो. हे पेशंटच्या हेडफोनमध्ये करायचं असतं. रत्नाचा सूर जुळायला वेळ लागला, पण जुळला तशी ती खोलीतच उठून उभी राहिली. “हाऊच! हाऊच शे!” मी तिला बाहेर आणून बसवलं, अक्का आणि आबांना शेजारी बसवलं, आणि तोच सूर हेडफोनमधून काढून खोलीतल्या स्पीकरवर टाकला. तिला जुळला होता त्याहून आवाज जरा कमीच ठेवला.

“लावा ना मशीन,” आबा म्हणाले.

“लावलंय, आबा.”

“लायेल शे? मंग आवाज कठे शे?”

आणि तेवढ्यात शेजारी अक्कांनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. “ओ माय वं! बंद करा, बंद करा!”

आबा दचकून बायकोकडे वळले. “काय व्हयनं तुले? आते तुले बी आवाज येतस का?”

“तुमले ऐकाले येत नही? कान फाटी ऱ्हायनात मन्हा!”

“आठे काहीच वाजत नही!”

“वाजी ऱ्हायनं ना!”

खरं सांगते, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मला तिघांनाही ऐकवायचं होतं. आबांचं वय, थ्रेशर, फवारणीचा पंप, हे सगळं समोर दिसत असून मला सुचलं नव्हतं, की त्यांचे वरचे सूर तर कधीच गेलेत. म्हटलं, आता देवानं दिलंच आहे तर वाया का घालवा. मी यंत्राचं बटण फिरवून सूर खाली, जाड करत आणला.

“हां, आते उना,” आबा म्हणाले. मी हळूहळू वर नेला. “हां... शे... शे... गया.”

“गया कठे!” अक्का ओरडल्या. “अजून कोकली ऱ्हायना!”

पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. प्रत्येक वेळी एका ठिकाणी आबांचा सूर संपायचा आणि अक्कांचा चालू राहायचा. आबांनी स्वतः उठून स्पीकरवर तळहात ठेवला. मग हात तसाच ठेवून म्हणाले, “म्हंजे आवाज शे. नि माले ऐकाले येत नही.”

“तेच म्हणते मी मघापासून, आबा.”

ते खुर्चीत येऊन बसले. मी स्पीकर बंद केला.

खोली एकदम मोकळी झाली. अक्कांनी कानांवरचे हात काढले, कान चोळले, सुस्कारा सोडला. मग त्यांची नजर सुनेकडे गेली आणि तिथंच थांबली. रत्ना होती तशीच बसली होती.

“मन्हं ते बंद व्हयनं,” अक्का म्हणाल्या. “तुन्हं व्हयनं का वं?”

“नही, आत्या.”

“झोपमा बी ऱ्हास?”

“जाग उनी का ऱ्हासच.”

अक्कांचे डोळे भरून आले, माझेही आले. त्यांनी सरकून रत्नाच्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले, जसे मघाशी स्वतःच्या कानांवर ठेवले होते. त्यानं काही होत नाही, उलट बाहेरचं बंद झालं की आतलं जास्त वाजतं. पण रत्नानं ते हात तसेच राहू दिले. मग हात सैल करत अक्का अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “नरडाणा नको. पोरले घर लयी चाला.”

“काय?” आबांनी विचारलं. “काय म्हननी ती?”

रत्नानं सासूचे हात हळूच बाजूला केले आणि सासऱ्यांकडे वाकून, त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आबा, आत्या म्हनस, घर चाला.”

“मंग बठी काय ऱ्हायनात?” आबा म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी उठले.